पाचरकोफेलची उतरण

खंडाळ्याच्या घाटात आगगाडी ३७ फूट पुढे जाते तेव्हा कोठे १ फूट वर चढते. तेवढ्यासाठीही तिला मागून जादा एंजिने जोडावी लागतात. ऑस्ट्रियातील इन्सब्रुक शहराजवळ पाचरकोफेल पर्वतावर शर्यतीची जी उतरण आहे, ती याच्या दसपटीहून अधिक तीव्र आहे. पायांना स्की नावाच्या लांब पट्ट्या बांधून खेळाडू तीवरून बर्फातून खाली झेपावतात.

१९६४ च्या हिवाळी ऑलिंपिकच्या वेळी तेथे बर्फ पुरेसा पडला नाही. सैनिकांनी तो वाहून आणून उतरणींवर पसरला. सरावात रॉस मिल्न हा १९ वर्षांचा ऑस्ट्रेलियन तरुण मार्गाबाहेर फेकला गेला आणि झाडावर आदळून मरण पावला. पुढे प्रत्यक्ष शर्यतीत ऑस्ट्रियाचा एगॉन झिमरमान विजयी झाला. भारताचा एकमेव खेळाडू जेरेमी बुजाकोव्स्की याच उतरणीवर उतरला, पण शर्यत पुरी करू शकला नाही. हिवाळी ऑलिंपिकमधील भारताचे ते पहिले पाऊल होते.

१९७६ साली ऑलिंपिकची शर्यत पुन्हा येथेच झाली. फ्रान्झ क्लामरने तोल जाता जाता सावरत ३,०२० मीटरांचा मार्ग १ मिनिट ४५.७३ सेकंदांत पार केला आणि अवघ्या ०.३३ सेकंदाने सुवर्णपदक मिळविले.

जगाच्या स्मरणात क्लामरचे हे सेकंद राहिले. मिल्नच्या घरी मात्र त्या उतरणीची आठवण वेगळ्या रीतीने जपली गेली. त्याचा धाकटा भाऊ माल्कम याने खेळ सोडला नाही. १९६९ साली फ्रान्समध्ये झालेली विश्वचषकातील उतरणीची शर्यत त्याने जिंकली.