ताखीचा रंग, ताखीचा चारा

पिवळसर तपकिरी अंग, ताठ उभी आयाळ आणि पाठीवरून शेपटीपर्यंत गेलेली गडद रेघ असा मंगोलियाचा ताखी पाहिला, की अश्मयुगातल्या माणसाने पाहिलेला घोडा हाच, असं वाटतं. प्राणिसंग्रहालयांतल्या पाट्यांनीही ही समजूत पक्की केली. पण ताखीचा रंग काय आणि चारा काय, दोन्ही माणसाच्या सहवासाने किंवा धाकाने बदलत आले आहेत, असं पुरावा सांगतो.

आधी रंगाचं पाहू. दक्षिण फ्रान्समधल्या पेश मेर्ल गुहेत सुमारे पंचवीस हजार वर्षांपूर्वी रंगवलेले ठिपकेदार घोडे आहेत. हे ठिपके घोड्यांच्या अंगाबाहेरही पसरलेले असल्यामुळे कित्येक अभ्यासकांनी ते प्रतीकात्मक मानले. २०११ साली माणसाळण्याआधीच्या ३१ घोड्यांच्या अवशेषांतला डीएनए तपासला गेला, तेव्हा १८ तांबूस, ७ काळे आणि ६ ठिपकेदार निघाले. नमुना लहान आहे, हा आक्षेप रास्त आहे. त्यावरून कळपातलं रंगांचं प्रमाण सांगता येणार नाही. पण ठिपकेदार घोडे त्या काळी होते, एवढं सिद्ध व्हायला सहा पुरेसे आहेत. मग ताखी एकाच रंगाचा का? २०१८च्या संशोधनाने कझाकस्तानातल्या बोताई इथल्या, सुमारे साडेपाच हजार वर्षांपूर्वीच्या घोड्यांना ताखीचे पूर्वज ठरवलं. त्यांतल्या काहींत ठिपक्यांचं जनुक होतं, वंशजांत ते उरलं नाही. या जनुकाच्या दोन प्रती आल्या तर घोड्याला रातांधळेपणा येतो. लांडग्यांच्या मुलखात, राखणदाराविना, त्याचा निभाव लागणं कठीणच. बोताईचे घोडे पाळीव नव्हते, शिकारीचे होते, असं काही पुरातत्त्वज्ञ म्हणतात आणि त्यांचे मुद्दे दुर्लक्ष करण्याजोगे नाहीत. तरी ताखीचा आजचा एकरंगीपणा नंतरचा आहे, हा निष्कर्ष त्याने ढळत नाही. त्यात १९६९ नंतर ताखी रानात दिसेनासा झाला, आणि आजचे सगळे ताखी बंदिवासातल्या जेमतेम डझनभर मूळ घोड्यांपासून वाढवलेले आहेत.

चाऱ्याची गोष्ट मला याहून बोलकी वाटते. शेपटीचा केस वाढताना खाल्ल्या अन्नाची रासायनिक खूण साठवत जातो. संग्रहालयांतल्या जुन्या ताखींचे केस तपासले, तेव्हा ते उन्हाळ्यात गवत आणि हिवाळ्यात बरीच झुडपं खात असल्याचं दिसलं. १९९२पासून गोबीत परत आणलेले ताखी मात्र बारमाही गवतावर जगतात. हवामान किंवा वनस्पती बदलल्या असतील, अशी शंका येईल. पण त्याच मुलखातलं खुलान हे रानगाढव आजही हिवाळ्यात झुडपांकडे वळतं, म्हणजे झुडपं तिथे आहेत. फरक माणसाचा आहे: तेव्हा शिकारी आणि गुराखी ताखीला चांगल्या कुरणांवरून हुसकावत, आज तो संरक्षित आहे. खुलानला मात्र अजूनही माणसापासून लांब राहावं लागतं.

म्हणून ताखी अस्सल रानघोडा नव्हे, असं मी म्हणणार नाही. त्याची गुणसूत्रं ६६, पाळीव घोड्याची ६४. एक नर, त्याच्या माद्या आणि शिंगरं यांचा कळप तो कोणी न शिकवता बांधतो. पण कुरणाची मोकळीक मिळाल्यावर तो ठरावीक टापू सोडत नाही, आणि याची किंमत २००९-१०च्या भीषण हिवाळ्यात दिसली. गोबीतले खुलान दूर निघून गेले आणि बहुतांशी वाचले. जागेवर राहिलेल्या ताखींपैकी निम्म्याहून जास्त मेले.