सप्तशृंगी गडाचा घाट: गाडी चालवताना धडधड का होते आणि काय करावे?

नाशिकहून वणीमार्गे निघाल्यावर नांदुरीपर्यंतचा रस्ता सरळसाधा आहे. गडाचा खरा घाट तिथून पुढे, साधारण 10 किलोमीटरचा. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी. शहरात वर्षानुवर्षे गाडी चालवणाऱ्यांच्याही तळहातांना इथे घाम फुटतो.

ही भीती उगाच नाही. जानेवारी 2008 मध्ये याच घाटात भाविकांची बस दरीत कोसळून 40 हून अधिक जणांचा मृत्यू झाला. 12 जुलै 2023 रोजी सकाळी गडावरून उतरणारी एसटी बस गणपती पॉइंटजवळ दरीत गेली.

दरी दिसली की छाती धडधडणे, अंग आखडणे स्वाभाविक आहे. पण घाबरलेला चालक दरीकडे पाहत राहतो आणि नजर जाते तिकडे स्टिअरिंगही नकळत वळते. किंवा तो रस्त्याच्या मधोमध येतो, म्हणजे समोरच्या गाडीच्या वाटेत. नजर पुढच्या वळणावर आणि गाडी आपल्या डाव्या बाजूला ठेवली, तर दोन्ही टळते.

सगळ्यात घातक सवय मात्र उतारावर ब्रेक सतत दाबून ठेवण्याची. माणसांसह दीड टनाची गाडी 500 मीटर खाली आणताना जी ऊर्जा जिरवावी लागते, तेवढ्यात 2 किलोवॉटचा गिझर तासभर चालेल. ती सगळी ब्रेकवर सोपवली तर ब्रेक तापतात, पकड सुटू लागते आणि ब्रेक ऑइल उकळले तर पेडल मऊ पडते. म्हणून उतार सुरू होण्याआधीच गाडी दुसऱ्या, गरज पडल्यास पहिल्या गिअरमध्ये घ्यावी. इंजिनच वेग धरून ठेवते. ब्रेक अधूनमधून, वळणाआधी लावायचा. ऑटोमॅटिक गाडीत एल किंवा मॅन्युअल मोड वापरावा. पेट्रोल वाचवायला न्यूट्रलमध्ये गाडी सोडणे म्हणजे हा आधार स्वतःच काढून घेणे. जळका वास आला तर रुंद जागी थांबून ब्रेक आपोआप निवू द्यावेत, त्यांवर पाणी ओतू नये.

चढावर थांबल्यावर गाडी मागे घसरेल ही धास्ती नवख्यांना असतेच. हँडब्रेक लावून, क्लच पकडू लागल्यावर तो सोडला की गाडी घसरत नाही. रस्ता अरुंद असेल तर उतरणाऱ्याने चढणाऱ्याला आधी वाट द्यावी, असा नियमच आहे.

अनेकांना दरीपेक्षा मागून हॉर्न वाजवणाऱ्या जीपचीच जास्त भीती वाटते. तिच्यासाठी वेग वाढवू नये. जागा मिळताच बाजूला घेऊन तिला जाऊ द्यावे. हातपाय थरथरू लागले तर वळण सोडून सुरक्षित जागी थांबावे, श्वास सावकाश सोडावा, शक्य असल्यास दुसऱ्याला चालवायला द्यावे. गाडी लागू नये म्हणून मिळणाऱ्या काही गोळ्यांनी झोप येते, त्या चालकाने घेऊ नयेत. प्रत्येक उंच जागी असेच होत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे त्यावर उपचार आहेत.

पर्यायही आहेत. मुंबईला जाताना कसारा घाट नको असेल, तर समृद्धी महामार्गावरचा इगतपुरीजवळचा सुमारे 8 किलोमीटरचा बोगदा 5 जून 2025 पासून खुला आहे. दुचाकींना मात्र तिथे परवानगी नाही. गडासाठी नांदुरीहून एसटी मिळते. नवरात्र आणि चैत्रोत्सवात खासगी गाड्या नांदुरीलाच थांबवल्या जातात. फ्युनिक्युलर ट्रॉली गडावरच्या गावातून मंदिरापर्यंत नेते, त्यामुळे तिने घाट टळत नाही.