अंगठा

आमचे आबा श्रीवर्धनकडचे तांडेल. रात्री जेवणं उरकली की ओटीवर जाळं सांधत बसायचे, आणि हात चालू ठेवूनच गोष्टी सांगायचे. त्यांच्या पिढीच्या गोष्टींत तस्करीच्या चांदीला कायमची जागा. काळोखात मचवा लागायचा, माल उतरायचा, उजाडायच्या आत गाड्या निघून जायच्या. ‘‘चांदीच ती. आपल्याला काय करायचंय?’’ हे वाक्य मी लहानपणी इतक्यांदा ऐकलं, की त्यातली लाज कळायला मला फार वर्षं लागली.

१९९३च्या फेब्रुवारीत श्रीवर्धनजवळच्या शेखाडीला उतरलं ते आरडीएक्स होतं. १२ मार्चला मुंबईतल्या बॉम्बस्फोटांत २५७ माणसं गेली. पैसे घेऊन डोळे मिटणाऱ्या पोलीस आणि कस्टमच्या काही माणसांना पुढे टाडा कोर्टानं दोषी ठरवलं. आबा हा भाग भरभर सांगून टाकायचे. त्यानंतर समुद्रावर नौदल, तटरक्षक दल आणि पोलीस यांची एकत्र गस्त सुरू झाली, त्यावर मात्र चवीनं बोलायचे.

२००८च्या मुंबई हल्ल्याची गोष्ट ते वेगळ्या आवाजात सांगत. ‘कुबेर’ ट्रॉलर पळवून आलेले दहा दहशतवादी रबरी होडीतून कफ परेडच्या मच्छीमार वस्तीत उतरले, तेव्हा तिथल्या कोळ्यांनी त्यांना हटकलं होतं. ‘‘त्यांनी विचारलं तरी,’’ एवढं बोलून आबा सुई थांबवायचे. मानेसरहून एनएसजीचे कमांडो पोचेपर्यंत दुसरा दिवस उजाडला. त्याआधीच गिरगाव चौपाटीवर मुंबई पोलिसांतल्या तुकाराम ओंबळे यांनी गोळ्या झेलत त्या दहांतल्या कसाबच्या बंदुकीची नळी धरून ठेवली होती. मग सरकारनं घाई केली. डिसेंबरात राष्ट्रीय तपास यंत्रणेचा (एनआयए) कायदा झाला, पुढच्या वर्षी मुंबईतच एनएसजीचं केंद्र आलं. किनाऱ्यावर माहिती कळवायला १०९३ हा नंबर आला, आणि मच्छीमारांना बायोमेट्रिक कार्डं.

कार्डाच्या दिवशी मीच आबांबरोबर गेले होते. यंत्र त्यांचा अंगठा घेईना. पुसला, दाबला, दुसरा हात लावला. पन्नास वर्षं ओल्या दोरानं आणि मिठानं घासून बोटांवरच्या रेषाच गेलेल्या. ‘‘काका, जोर लावू नका,’’ यंत्रावरचा पोरगा म्हणाला. आबा ओशाळून हसले. किती वेळानं कोण जाणे, एका करंगळीनं काम केलं.

ते कार्ड त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत घालून डिझेलच्या पावत्यांसोबत ठेवलं. गस्तीची बोट दिसली, की कुणी विचारायच्या आधीच ते हात उंच करून दाखवायचे.