ग्रंथकाराचा वाटा

१९५१ च्या ऑक्टोबरात दिल्ली सार्वजनिक ग्रंथालयाचे उद्घाटन पंडित नेहरूंच्या हस्ते झाले आणि राजधानीतील वाचकास पुस्तके विनामूल्य घरी नेता येऊ लागली. ही सेवा निःसंशय थोर. तिचे मोल कोणाच्या पदरचे, हा प्रश्न निराळा. त्याच वर्षी इंग्लंडात कादंबरीकार जॉन ब्रोफी यांनी, ग्रंथालयातून नेलेल्या प्रत्येक पुस्तकामागे लेखकास एक पेनी मिळावी, अशी मागणी केली. तिला कायद्याचे रूप १९७९ मध्ये लाभले. डेन्मार्कने असा मोबदला १९४६ मध्येच मान्य केला होता.

आपल्याकडे १९५४ मध्ये ग्रंथप्रदानाचा कायदा झाला. त्यान्वये मराठी प्रकाशकासही आपले पुस्तक ठरावीक ग्रंथालयांना स्वखर्चाने धाडावे लागते. त्यांत पुढे दिल्लीचे हे ग्रंथालयही आले. राष्ट्रीय ग्रंथालयाची प्रत सर्वोत्तम कागदावरची, नीट बांधलेली, चित्रा-नकाशांसह असावी, इतकी बारकाई त्या कायद्यात आहे. लेखकाच्या मोबदल्याविषयी अवाक्षर नाही.