उशिराचे व्याज आणि सरकारचा वाटा

कर हा विषय वसंतातील संध्याकाळी ऐकण्याजोगा नव्हे, असे पुष्कळांना वाटते. आम्हालाही पूर्वी तसेच वाटे. कामगारांच्या पगाराचे, बोनसचे आणि ग्रॅच्युइटीचे हिशेब मांडण्यात आमचे आयुष्य गेले. आयकर ही शेठजींची कटकट, अशी आमची समजूत होती. ती एका कामगाराने मोडली. त्याच्या थोरल्या भावाची गावाकडची जमीन सरकारी कामासाठी गेली होती. मोबदला वाढवून मिळावा म्हणून दावा चालला, वर्षे लोटली, आणि अखेर पैसे हाती आले ते व्याजावरील कर कापून. कागद आमच्या पुढ्यात ठेवून तो म्हणाला, "भाऊ, उशीर सरकारने केला. उशिराचे व्याज दिले तेही सरकारने. मग त्यात वाटा मागायला पुन्हा सरकारच कसे येते?"

आम्हाला उत्तर देता आले नाही. आमचे शिक्षण शाळेपेक्षा गेटसभेत अधिक झालेले. म्हणून निकालपत्रे मिळवून वाचायला बसलो. त्यातून हाती लागला तो एक छोटा, पण बोधप्रद इतिहास आहे.

या इतिहासाचा आरंभ विलायतेत होतो. एका मृत व्यवहारदात्याची मालमत्ता सांभाळणाऱ्या बँकेकडून रिचेस नावाच्या गृहस्थाला नफ्यातील आपला हिस्सा कोर्टातून मिळवावा लागला. कोर्टाने सुमारे ३६ हजार पौंड मुद्दल आणि, १९३४च्या कायद्याने दिलेल्या अधिकारात, सुमारे १० हजार पौंड व्याज देवविले. बँकेने व्याजातून निम्मी रक्कम आयकर म्हणून कापली. रिचेस म्हणाला, नाव व्याजाचे असले तरी ही नुकसानभरपाईच आहे आणि भरपाई म्हणजे उत्पन्न नव्हे. १९४७ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने त्याचे म्हणणे फेटाळले. ज्याचा पैसा दुसऱ्याकडे अडकून राहिला, त्याला त्या काळाबद्दल जे मिळते ते व्याजच होय. त्याला भरपाई म्हटल्याने त्याचा स्वभाव पालटत नाही, असा त्या निर्णयाचा आशय होता.

आपल्याकडे हा प्रश्न १८९४च्या भूसंपादन कायद्यातून उभा राहिला. याच कायद्याच्या काळात, १९२१ साली, मुळशीच्या शेतकऱ्यांनी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली धरणाविरुद्ध सत्याग्रह केला होता. जमीन घेण्याचा अधिकार सरकारचा, किंमत ठरविण्याचा पहिला अधिकारही सरकारी अधिकाऱ्याचाच, आणि ती न पटल्यास कोर्टाची पायरी चढण्याचा मार्ग तेवढा शेतकऱ्याचा, अशी त्या कायद्याची घडण होती. त्यात व्याजाची दोन कलमे होती. ताबा घेऊनही मोबदला दिला नाही, तर कलम ३४ प्रमाणे व्याज द्यावे लागे. कोर्टाने मोबदला वाढविला, तर वाढीव रकमेवर कलम २८ प्रमाणे व्याज मिळे. मूळचा दर शेकडा ६. १९८४च्या दुरुस्तीने तो पहिल्या वर्षी ९ आणि पुढे १५ झाला.

पतियाळा शहरातील जमिनीसंबंधीचा डॉ. शामलाल नरूला यांचा खटला १९६४ साली सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला. न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी निकाल दिला की, मोबदला हा जमिनीची किंमत आहे. परंतु कलम ३४ खालील व्याज हे पैसा वेळेवर न मिळाल्याबद्दलचे आहे, म्हणून ते उत्पन्न होय आणि त्यावर कर लागतो. रिचेसच्या खटल्यातील तत्त्व अशा रीतीने भारतात रुजले.

कर लागतो हे ठरले. पण कोणत्या वर्षी? रमाबाईंच्या खटल्यात, १९९० साली प्रसिद्ध झालेल्या निकालाने, व्याज ताबा घेतल्यापासून वर्षावर्षाला साचत जाते असे ठरविले. हे न्याय्य दिसते. पण व्यवहारात त्यामुळे जुन्या वर्षांचे करनिर्धारण पुन्हा उघडण्याची पाळी येई. ही अडचण दूर करण्यासाठी ६ जुलै २००९च्या अर्थसंकल्पात नवा नियम आला आणि तो १ एप्रिल २०१०पासून लागू झाला : मोबदल्यावरील वा वाढीव मोबदल्यावरील व्याज ज्या वर्षी हाती येईल त्याच वर्षी त्यावर कर, मात्र त्यातील निम्मी रक्कम वजा.

गंमत अशी की, अर्थसंकल्पानंतर दहाच दिवसांनी, १६ जुलै २००९ रोजी, घनश्याम यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दोन कलमांत भेद केला. कलम ३४चे व्याज उशिराबद्दलचे. कलम २८चे मात्र वाढीव मोबदल्याचाच भाग, असे न्यायालयाने म्हटले. पुढे याच मुद्द्यावर उच्च न्यायालयांत एकमत राहिले नाही. गुजरातच्या न्यायालयाने २०१६ साली शेतकऱ्याच्या बाजूने कौल दिला. पंजाब-हरियाणाच्या न्यायालयाने नव्या नियमानंतर सारेच व्याज करपात्र मानले. जमीन एकाच कायद्याने गेली, पण कराचा निवाडा प्रांतागणिक निराळा झाला.

आता साधा हिशेब मांडू. वाढीव मोबदला १० लाख आणि विलंब ११ वर्षांचा समजा. १९८४च्या दराने पहिल्या वर्षाचे व्याज ९० हजार, पुढील दहा वर्षांचे दीड लाखाप्रमाणे १५ लाख. एकूण १५ लाख ९० हजार. म्हणजे मुद्दलापेक्षा व्याज मोठे! गावाकडची शेतजमीन असेल तर १० लाखांवर कर नाही. पण व्याजातील निम्मे, ७ लाख ९५ हजार, एकाच वर्षाचे उत्पन्न म्हणून धरले जाते. हेच व्याज त्या त्या वर्षी मिळाले असते, तर कित्येकांचे उत्पन्न कराच्या खालच्या पायरीवरच राहिले असते. जितका उशीर अधिक, तितकी रक्कम फुगलेली आणि तितकीच ती वरच्या दराला लागण्याची शक्यता मोठी.

येथे आम्हाला आमच्या धंद्यातील दाखला आठवतो. कामगाराला पगाराची जुनी थकबाकी एकदम मिळाली, तर १९६१च्या आयकर कायद्याच्या कलम ८९ने त्याला सवलत दिली : ज्या वर्षांची ती रक्कम, त्या वर्षांचा कर काढून फरकाचा दिलासा. थकलेल्या मजुरीबद्दल कायद्याला जे उमगले, ते थकलेल्या मोबदल्याबद्दल उमगू नये काय? पन्नास टक्क्यांची वजावट ही दया आहे, हिशेब नव्हे. दोन वर्षे थांबलेल्यालाही निम्मे आणि वीस वर्षे थांबलेल्यालाही निम्मेच!

तरीही एकांगी होऊ नये. कोणी भांडवलदार आपला पैसा ठेवीत गुंतवून व्याज घेतो आणि त्यावर कर भरतो. तेव्हा व्याज हे उत्पन्न आहे हे तत्त्व खोटे नव्हे. पण त्याने पैसा आपखुशीने ठेवला होता; शेतकऱ्याचा पैसा त्याच्या मर्जीविरुद्ध अडकला. रिचेसच्या निकालाने या फरकाकडे पाहिले नाही, आणि आपण तो निकाल उचलला तेव्हा ही उणीवही सोबत आली. १ जानेवारी २०१४पासून अमलात आलेल्या नव्या भूसंपादन कायद्याच्या कलम ९६ने त्या कायद्याखालील निवाड्यांना आयकरातून वगळले, ही सुधारणाच होय; मात्र ज्यांची जमीन त्याआधी जुन्या कायद्याच्या निवाड्याने गेली, त्यांच्या पदरी जुनेच माप राहिले.

त्या कामगाराच्या भावाला आम्ही अखेर दोन गोष्टी सांगितल्या. निवाड्यातील मुद्दल किती आणि कोणत्या कलमाचे व्याज किती, याचा तक्ता कार्यालयातून मागून घ्यावा. आणि कर कापला गेला म्हणून गप्प न बसता विवरणपत्र भरावे. कारण कपात सगळ्या व्याजावर होते, वजावट मात्र निम्म्याची मिळते, आणि जादा कापलेले मागितल्यावाचून परत येत नाही. त्याने विवरणपत्र भरले व काही रक्कम परत आली. तिच्यावरही थोडे व्याज होते. त्यावर कर लागतो काय, असे त्याने विचारले. लागतो, असे आम्ही सांगितले, आणि या खेपेस उत्तर ठाऊक असूनही ते देताना आम्हाला संकोच वाटला.