अर्धवट काम घेऊन या

व्यवस्थापनशास्त्रात पीएच.डी.ला प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्याला पहिल्या वर्षी बरेच काही शिकवले जाते. कोर्सवर्कमध्ये संशोधनपद्धती होते, संख्याशास्त्र होते, संशोधननीतीवरची व्याख्याने होतात. पण आपला प्रश्न वर्षानुवर्षे मागे लागण्याच्या लायकीचा आहे का, हे कसे ओळखायचे? एखाद्या मान्यवर लेखाशी आपले पटत नसेल, तर ते अदबीने आणि तरीही ठामपणे कसे मांडायचे? समीक्षकांचे लांबलचक पत्र आले, की कोणत्या आक्षेपाला आधी हात घालायचा? हे कुठल्याच पेपराला येत नाही. ज्यांचा गाइड वेळ देणारा असतो ते त्याच्याकडून शिकतात; बाकीचे चाचपडत राहतात. संशोधक विद्यार्थ्यांसाठीच्या व्यावसायिक विकास कार्यशाळा या दुसऱ्या गटासाठी फार मोलाच्या आहेत, आणि त्या वाटेला नव्याने येणाऱ्यांचे स्वागत करण्यासाठी ही प्रस्तावना आहे.

अशा कार्यशाळांची गरज या विद्याशाखेला इतकी का भासावी, याचे उत्तर तिच्या इतिहासात आहे. अमेरिकेतल्या मूठभर प्राध्यापकांनी १९३६ साली शिकागोत एकत्र येऊन अकॅडमी ऑफ मॅनेजमेंटचा पाया घातला, तेव्हा व्यवस्थापन हा प्रामुख्याने शिकवण्याचा विषय होता, संशोधनाचा नव्हे. १९५९ साली दोन अहवाल प्रसिद्ध झाले. एक फोर्ड फाउंडेशनसाठी गॉर्डन आणि हॉवेल यांनी लिहिलेला, दुसरा कार्नेगी कॉर्पोरेशनच्या पाठबळाने पिअर्सन यांनी. व्यवसायशिक्षण उथळ आहे, त्याला संशोधनाचा आधार नाही, असे दोन्ही अहवालांनी स्पष्ट बजावले. त्यानंतर तिथल्या संस्थांनी अर्थशास्त्रज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि समाजशास्त्रज्ञ यांना आपल्याकडे ओढले. आपल्याकडे १९६१ साली कोलकाता आणि अहमदाबाद इथे आयआयएम सुरू झाल्या, त्यांनाही फोर्ड फाउंडेशनचे साहाय्य होते.

याचा परिणाम आजही प्रत्येक विभागात दिसतो. स्पर्धात्मक धोरणावर काम करणारी विद्यार्थिनी अर्थशास्त्राच्या चौकटीत विचार करते, शेजारच्या टेबलावरचा विद्यार्थी कर्मचाऱ्यांच्या मनोवृत्तीचे मोजमाप मानसशास्त्राच्या पद्धतीने करतो, आणि तिसरी एखाद्या कारखान्यात वर्षभर बसून समाजशास्त्रज्ञासारख्या नोंदी घेते. तिघांच्याही प्रबंधावर शाखेचे नाव एकच, पण भक्कम पुरावा कशाला म्हणायचे आणि नवे योगदान कशाला, याच्या तिघांच्या कल्पना वेगळ्या. हे संकेत कुठेही एकत्र लिहून ठेवलेले नाहीत. त्यांच्याविषयी बोलावे लागते, आणि बोलण्यासाठी माणसे एका टेबलाभोवती बसवावी लागतात.

अकॅडमीच्या वार्षिक अधिवेशनात शोधनिबंधांची सत्रे सुरू होण्याआधीचे दिवस अशा कार्यशाळांना दिलेले असतात. नव्याने प्रवेश घेतलेल्यांसाठी वेगळे सत्र असते, आणि प्रबंध संपत आलेल्यांसाठी निरनिराळे विभाग आपापली सत्रे भरवतात. काहींना आधी अर्ज करावा लागतो, सोबत आपल्या कामाची थोडी पाने पाठवावी लागतात. मग एका गोल टेबलाशी एक अनुभवी संशोधक आणि चार-पाच विद्यार्थी बसतात, आणि त्या पानांवर बोलणे होते. युरोपात ब्रसेल्समधल्या एका संस्थेने १९७१ सालापासून देशोदेशीच्या व्यवस्थापन-संशोधकांना जोडण्याचे काम चालवले आहे. तिच्या ‘ईडन’ नावाच्या चर्चासत्रांत पीएच.डी.चे विद्यार्थी एकेका विषयात खोलवर उतरतात. अकॅडमीचे अधिवेशन २०२५ साली कोपनहेगनला झाले, ते उत्तर अमेरिकेबाहेर भरलेले पहिलेच. कोल्हापूर किंवा नांदेडहून अशा अधिवेशनाला जायचे म्हणजे विमानभाडे, व्हिसा आणि नोंदणीशुल्क हे तीन डोंगर ओलांडणे आले. २०२० नंतर अनेक सत्रे ऑनलाइन झाली, हा त्यातल्या त्यात खरा दिलासा.

अशा कार्यशाळेत काय शिकायला मिळते, हे एका गाजलेल्या वादावरून सांगतो. ‘अॅडमिनिस्ट्रेटिव्ह सायन्स क्वार्टर्ली’ या नियतकालिकात १९९५ साली रॉबर्ट सटन आणि बॅरी स्टॉ यांनी सिद्धांत कशाला म्हणू नये, याची यादी दिली. संदर्भांची रास म्हणजे सिद्धांत नव्हे. आकडेवारी नव्हे, चलांची यादी नव्हे, चौकोन आणि बाणांची आकृती नव्हे, आणि नुसती गृहीतकेही नव्हेत. या सगळ्यांत ‘असे का घडते’ याचे उत्तर राहून जाते. त्याच अंकात कार्ल वाइक यांनी उत्तर दिले. याद्या आणि आकृत्या आळसापोटी आलेल्या असू शकतात, पण त्या सिद्धांताकडे नेणाऱ्या वाटेवरचे टप्पेही असू शकतात. तेव्हा विचार घडण्याच्या प्रक्रियेकडे पाहा, असे त्यांचे म्हणणे. मला दोन्ही लेख प्रत्येक नव्या विद्यार्थ्याच्या हाती द्यावेसे वाटतात, आणि तेही लागोपाठ वाचण्यासाठी. पहिला शिस्त लावतो, दुसरा धीर देतो. चांगली कार्यशाळा ही दोन्ही कामे एकाच दुपारी करते: तुमच्या आकृतीतल्या एका बाणावर बोट ठेवून ‘हे का?’ असे विचारते, आणि उत्तर लगेच सुचले नाही तरी तुम्हाला उठवून लावत नाही.

महाराष्ट्रातल्या विद्यापीठांत हा ‘का’ फार लवकर हरवतो. सिनॉप्सिस आरआरसीपुढे, म्हणजे विद्यापीठाच्या संशोधन समितीपुढे, मांडायचा म्हणून विषय आटोपशीर हवा, त्यामुळे ‘अमुक घटकाचा अभ्यास, विशेष संदर्भ: अमुक जिल्हा’ असे शीर्षक ठरते. मग प्रश्नावली, लायकर्ट मोजपट्टी, एसपीएसएसमधले तक्ते आणि सहामाही प्रोग्रेस रिपोर्ट. जिल्हा निवडण्यात काहीच गैर नाही. गैर इतकेच, की तोच जिल्हा का, याचे कारण प्रबंधभर सापडत नाही.

हे कारण सापडले की काय होते, याचा नमुना आपल्याच मातीत आहे. बी. एस. बाविस्कर यांनी कोपरगावच्या सहकारी साखर कारखान्याचा समाजशास्त्रीय अभ्यास केला, त्यांचे पुस्तक १९८० साली आले. डोनाल्ड अॅटवुड यांनी बारामतीजवळच्या माळेगावात काम केले, त्यांचे पुस्तक १९९२ चे. दोघांनी मिळून १९८७ साली एक लेख लिहिला, आणि त्याचा प्रश्न अगदी साधा होता: काही सहकारी संस्था चालतात आणि काही का चालत नाहीत? त्यांच्या उत्तराचा गाभा उसाच्या गुणधर्मातून आणि गावातल्या आर्थिक रचनेतून येतो. तोडलेला ऊस लवकर गाळला नाही तर साखरेचा उतारा घसरतो. कारखाना पूर्ण क्षमतेने चालायचा तर मोठ्या बागायतदाराचा ऊस पुरत नाही, लहान शेतकऱ्याचाही लागतो. म्हणजे दोघांचे हित एका गव्हाणीशी बांधलेले. इथे पश्चिम महाराष्ट्र हा नुसता ‘विशेष संदर्भ’ राहत नाही. तो प्रदेशच स्पष्टीकरणाचा भाग होतो. दोघांपैकी एकही अभ्यासक व्यवस्थापनाचा नव्हता, पण संघटना कशी टिकते हे शिकवणारे याहून चांगले काम मराठी मुलखात मला दाखवता येणार नाही.

पद्धतीच्या शिस्तीकडेही कार्यशाळेत डोळसपणे पाहता येते. एकाच प्रश्नावलीतून, एकाच माणसाकडून, एकाच बैठकीत कारण आणि परिणाम दोन्ही मोजले, तर त्यांच्यातला संबंध फुगून दिसू शकतो. पॉडसाकॉफ आणि सहकाऱ्यांनी २००३ साली याची सविस्तर चिकित्सा केली. निकाल पाहून मागाहून गृहीतक रचायचे आणि ते आधीपासूनच मनात होते असे भासवायचे, या सवयीकडे नॉर्बर्ट कर यांनी १९९८ साली लक्ष वेधले. या गोष्टी व्हायव्हाच्या दिवशी कळून उपयोग नसतो. माहिती गोळा करण्याआधी कुणीतरी सांगाव्या लागतात.

प्रकाशनाच्या बाबतीत तर मार्गदर्शनाच्या अभावाची किंमत आपण मोजली आहे. यूजीसीच्या २०१६ च्या नियमांनुसार प्रबंध सादर करण्याआधी एक शोधनिबंध प्रसिद्ध करणे बंधनकारक होते. पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचे त्यातून चांगलेच फावले. मग चांगली नियतकालिके निवडून देणारी यूजीसीची ‘केअर’ यादी आली; ती तयार करण्यात पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठाचा मोठा वाटा होता. २०२२ च्या नियमांत शोधनिबंधाची अट राहिली नाही, आणि २०२५ साली यादीही बंद झाली. आता नियतकालिक पारखण्याची जबाबदारी विद्यार्थ्यावर आणि त्याच्या विभागावर आहे. संपादक कोण, समीक्षा खरोखर होते का, गेल्या दोन वर्षांतले लेख वाचण्याजोगे आहेत का, हे शेजारी बसून दाखवणारा माणूस कुठल्याही यादीपेक्षा अधिक उपयोगी पडतो.

तेव्हा पहिल्या कार्यशाळेला जाताना पूर्ण झालेले प्रकरण नेऊ नका. तीन पाने न्या. पहिल्या पानावर प्रश्न आणि तो ज्यांच्याशी बोलतो आहे ते दोन-तीन लेख, दुसऱ्यावर तुमची सामग्री, तिसऱ्यावर तुम्ही जिथे अडला आहात ती जागा. चर्चा चालू असताना स्वतःच्या कामाचा बचाव करू नका, लिहून घ्या. आणि परतल्यावर आठवडाभरात ती तीन पाने पुन्हा लिहून त्याच टेबलावरच्या एकाला पाठवा.

आणि परदेशातल्या अधिवेशनाला जाणे जमले नाही, तर आपल्याच विभागात महिन्यातून एक दुपार ठरवा. पाच विद्यार्थी पुरतात. एका महिन्यात एकाचीच पाने घ्यायची, ती सर्वांनी आधी वाचून यायची, आणि अर्थशास्त्राच्या किंवा समाजशास्त्राच्या विभागातल्या एका शिक्षकाला आवर्जून बोलवायचे, कारण आपल्याला उघड वाटणाऱ्या गोष्टीबद्दल पहिला प्रश्न बहुधा तोच विचारेल.