अँटेना उतरल्यावर: टीव्हीच्या वाटेच्या अभ्यासाची प्रस्तावना

टीव्हीविषयी आपल्याकडे जे लिहिले जाते ते बहुतेक पडद्यावर काय दिसते याविषयी असते. मालिका, बातम्या, जाहिराती, त्यांतल्या बायका, त्यांतली भाषा. चित्र घरापर्यंत कसे येते, कोणाच्या खर्चाने येते आणि कुठे अडते, हे प्रश्न आपण तंत्रज्ञांवर सोपवले, आणि त्यांना त्यावर निबंध लिहायला सवड नव्हती. या मधल्या जागेत एक अभ्यासक्षेत्र उभे राहते आहे. त्यात शिरायला इंजिनिअर असावे लागत नाही, समाजशास्त्राची पदवीही लागत नाही. छपरावर चढायची तयारी आणि हिशेबाची आवड असली की काम भागते.

या क्षेत्रातला आजचा सर्वांत जिवंत विषय म्हणजे अँटेना, छत्री किंवा केबल न लावता नुसत्या ब्रॉडबँडवर फुकट पाहिला जाणारा थेट टीव्ही. दूरदर्शन सह्याद्री यूट्यूबवर थेट दिसते, मराठी वृत्तवाहिन्या दिसतात. प्रसार भारतीने नोव्हेंबर 2024 मध्ये गोव्याच्या चित्रपट महोत्सवात ‘वेव्हज’ हे स्वतःचे ॲप आणले, त्यावरही थेट वाहिन्या आहेत. दादरच्या फ्लॅटमधून पाहिले तर हा बदल एक वायर काढून दुसरी लावण्याइतकाच. ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतून पाहिले तर तो तेवढा किरकोळ राहत नाही.

2 ऑक्टोबर 1972 रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले. वरळीचा मनोरा सुमारे 300 मीटर उंच. पृथ्वीच्या गोलाईचा हिशेब केला, तर एवढ्या उंचीवरून निघालेले प्रक्षेपण दहा मीटर उंचीवरच्या अँटेनाला सपाट मुलखात 80-85 किलोमीटरपर्यंत मिळायला हवे. वरळीपासून मुरबाड सरळ रेषेत साधारण 65 किलोमीटर, शहापूर 70. कागदावर दोन्ही गावे हद्दीत बसतात. पण मुलूख सपाट आहे कुठे? वाटेत पारसिकचा डोंगर, पुढे माहुलीच्या आडोशाची गावे, टोकावड्याच्या पलीकडे माळशेजच्या पायथ्याला खोलगटात बसलेल्या वाड्या. त्यामुळे एका गावात चित्र स्वच्छ आणि टेकडीमागच्या पाड्यावर नुसत्या मुंग्या, असा प्रकार होता. काठी फिरवणारा कौलांवर, सेटसमोर बसलेली माणसे खाली, आणि मध्ये ‘आलं, आलं... गेलं!’ एवढाच संवाद.

पण त्या मुंग्यांमध्ये एक सोय होती, आणि तिच्याकडे अभ्यासकांचे फार लक्ष गेलेले नाही. ॲनालॉग चित्र हळूहळू बिघडते. सिग्नल निम्मा झाला तरी फलंदाज दिसतो, चेंडू दिसत नाही. आवाज तर बहुतेक वेळा ठीकच असतो. हद्दीच्या काठावर राहणाऱ्याला हे परवडते. डिजिटल प्रक्षेपण काठावर असे अडखळत चालत नाही. एका मर्यादेपर्यंत चित्र लख्ख, तिच्या खाली काहीच नाही. 2016 मध्ये मुंबईसह काही शहरांत भूस्थित डिजिटल प्रक्षेपण सुरू झाले, आणि 2022 पर्यंत दूरदर्शनने मोक्याची थोडी ठिकाणे वगळता देशभरातले ॲनालॉग प्रक्षेपक बंद केले. शहरात ही बातमी कोणाला कळलीही नाही.

काठावरच्या गावांना तोवर दुसरा रस्ता सापडला होता. डिसेंबर 2004 मध्ये ‘डीडी डायरेक्ट प्लस’ या नावाने सुरू झालेली आणि आज ‘डीडी फ्री डिश’ म्हणून ओळखली जाणारी सेवा एकदा छत्री आणि बॉक्स विकत घेतला की महिन्याचे भाडे मागत नाही. तिचा उपग्रह पूर्व रेखांश 93.5 अंशांवर आहे. मुरबाडच्या अंगणातून तो आग्नेयेला, क्षितिजापासून सुमारे 58 अंश वर येतो. सिद्धगड, भीमाशंकरची रांग त्याच बाजूला आहे. पण कडा अगदी डोक्यावर आल्याशिवाय एवढ्या चढ्या नजरेला अडवू शकत नाही. पन्नास वर्षांत डोंगराचा प्रश्न खऱ्या अर्थाने सोडवला तो याच भूमितीने. जुलैच्या धो धो पावसात चित्र जाते, कारण या लहरींना पाणी शोषून घेते. तेवढे लोकांनी गृहीत धरले आहे.

मग ब्रॉडबँडने नवे काय आणले? इथे तंत्राचा थोडा तपशील टाळता येत नाही. मनोरा किंवा उपग्रह देवळावरच्या भोंग्यासारखा असतो: ऐकणारे दहा असोत की दहा हजार, भोंग्याचे बिल तेच. इंटरनेटवर मात्र प्रत्येक सेटसाठी वेगळा प्रवाह सुटतो. प्रेक्षक दुप्पट झाले की वाहतूक दुप्पट. सेकंदाला 2 मेगाबिटच्या साध्या चित्राला तासाला सुमारे 900 एमबी लागतात. मोबाइलचा दिवसाला दीड जीबीचा पॅक त्यात पावणेदोन तासांच्या आतच संपतो, म्हणजे एक टी-ट्वेंटी डाव आणि वर थोडे. तारेने आलेल्या फायबरवर ही चिंता बरीच कमी होते. म्हणून ‘नेटवर फुकट टीव्ही’ हे वाक्य पाड्यावर आणि तालुक्याच्या गावी एकाच अर्थाने बोलले जात नाही.

मोठ्या कंपन्यांनी यावर उपायही शोधला आहे, आणि तो गमतीदार आहे. बीएसएनएलने 2024 च्या अखेरीस काही राज्यांत फायबर ग्राहकांसाठी थेट वाहिन्यांची सेवा सुरू केली. तिचा वापर डेटात धरला जात नाही. एकाच कंपनीच्या जाळ्यात एक प्रवाह पाठवून तो वाटेत हवा तिथे फोडता येतो, हे तंत्र अशा सेवांच्या मुळाशी असते. थोडक्यात, भोंगा परत आला, फक्त तारेतून. सिम आणि इंटरनेट न लागता मनोऱ्यावरून थेट मोबाइलवर प्रक्षेपण पाठवण्याचे प्रयोगही देशात चालू आहेत. अँटेना इतिहासजमा झाला असे छातीठोकपणे सांगणाऱ्यांनी जरा थांबलेले बरे.

नेटवरच्या चित्राने काठावरच्या माणसाची जुनी सोयही काही अंशी परत दिली. वेग घटला की प्रवाह आपोआप कमी दर्जाचा होतो. चेहरे धूसर होतात, पण बातमी चालू राहते. फार घटला तरच पडद्यावरचे गोल चक्र फिरू लागते. याची किंमत म्हणजे उशीर. चित्राचे काही सेकंदांचे तुकडे करून, थोडे साठवून मग दाखवले जाते, त्यामुळे छत्रीवरच्या शेजाऱ्याचा षटकार अर्धा मिनिट आधी ऐकू येतो. वाडीत एका घरी छत्री, दुसऱ्या घरी नेट असेल तर नेटवाल्याला विकेट ओरड्यावरून कळते. थेट म्हणजे किती थेट, हा या क्षेत्रातला अस्सल प्रश्न मला अशा ठिकाणी दिसतो.

रस्त्याचे अडथळेही बदलले. पूर्वी डोंगर आडवा यायचा, आता खांब, जेसीबी आणि वीज येते. ग्रामपंचायतींना फायबरने जोडणाऱ्या योजनेला 2011 मध्ये मंजुरी मिळाली, पुढे तिचे नाव भारतनेट झाले. पण एका पंचायतीत चार-सहा पाडे असतात आणि ठाकूर-कातकरी वस्ती कचेरीपासून दोन-तीन किलोमीटरवर असते. 2023 च्या सुधारित कार्यक्रमात पंचायतीपलीकडच्या गावांचा विचार आला, हे मान्य; तरी गाव आणि पाडा यांतले अंतर नकाशावर उमटत नाही. रस्त्याच्या रुंदीकरणात केबल तुटली की बॉक्सवर लाल लाइट लागतो. लाइट गेली तर तोही लागत नाही. जुन्या केबलवाल्याचेच पोर आता ‘नेटवाला’ म्हणून शिडी घेऊन येते, आणि गावाच्या प्रसारणाची सगळी व्यवस्था त्याच्या मोबाइलमधल्या तक्रारींच्या यादीत असते. त्याच्याशी बोलल्याशिवाय या विषयावर एक ओळही लिहू नये, असे माझे मत आहे.

फुकट या शब्दामागचा हिशेब सुरुवातीपासून सरकत आला आहे. 1980 च्या दशकाच्या मध्यापर्यंत टीव्ही सेटसाठी परवाना शुल्क भरावे लागे. ते गेले, आणि मनोऱ्याचा खर्च सरकारी तिजोरीवर राहिला. फ्री डिशवर खाजगी वाहिन्या जागेसाठी लिलावात बोली लावतात. ब्रॉडबँडवर शेवटच्या टप्प्याचा खर्च पहिल्यांदाच सरळ प्रेक्षकाच्या रिचार्जमध्ये आला. कायद्यानेही माध्यमामाध्यमांत फरक केला आहे: 2007 च्या कायद्याने खाजगी वाहिन्यांना राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचे चित्र प्रसार भारतीकडे द्यावे लागते, पण सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये हे बंधन खाजगी केबलवरच्या दूरदर्शनला लागू होत नाही असे ठरवले. एकच वाहिनी छत्रीवर सामना दाखवते आणि दुसऱ्या वाटेने आली तर दाखवत नाही. 2023 मध्ये आयपीएल मोबाइलवर फुकट होते, दोन वर्षांत ते रिचार्जला बांधले गेले. खाजगी फुकटाचा भरवसा धरून कोणी छत्री उतरवली असेल, तर त्याला विचारायला हवे.

वाचायला कुठून सुरुवात करावी? रेमंड विल्यम्सचे 1974 चे टीव्हीवरचे पुस्तक अजून ताजे आहे. कार्यक्रम सुटे नसतात, संध्याकाळभर एक ओघ चालतो, हे त्याने पाहिले. कर्क जॉन्सनने पश्चिम महाराष्ट्रातल्या दोन खेड्यांत राहून केलेला अभ्यास 2000 मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्या मातीवरचे ते काम विद्यार्थ्यांनी आधी वाचावे. 1985 चा पी. सी. जोशी समितीचा अहवालही चाळावा, त्यात खेड्यातल्या प्रेक्षकाविषयी तळमळ आहे. आकड्यांकडे मात्र सावधपणे पाहा. टीव्ही पाहणाऱ्यांच्या मोजणीत ग्रामीण भारत ऑक्टोबर 2015 मध्ये आला. त्यापूर्वीचे ‘सर्वाधिक लोकप्रिय’ हे शहराचे मत होते. नेटवर पाहणाऱ्याची मोजणी तर कंपनीच्या सर्व्हरवर होते, आणि एका मोबाइलभोवती बसलेली सहा माणसे तिला एक दिसतात.

नव्या विद्यार्थ्यांसाठी कामाचे विषय इथे भरपूर आहेत. गावोगावच्या टेनिस क्रिकेट स्पर्धा आता यूट्यूबवर थेट जातात. मोबाइलचा कॅमेरा, एक लॅपटॉप, मैदानावरचा समालोचक एवढ्यावर शहापूर-मुरबाडची मैदाने स्वतःच प्रक्षेपक झाली आहेत, आणि मुंबईत नोकरीला असलेला भाऊ गावचा अंतिम सामना लोकलमध्ये पाहतो. मुंबईकडून इकडे येणारे चित्र उलट दिशेनेही जाऊ लागले. भातसा, तानसा, वैतरणेचे पाणी जाते त्या वाटेने, असे म्हणण्याचा मोह होतो. पण पाण्याचा हिशेब वेगळा आहे आणि तो या पुस्तकाचा विषय नाही.

शेवटी क्षेत्रभेटीच्या वेळेविषयी. दिवाळीच्या सुट्टीत जाऊन सर्वेक्षण उरकू नये. भातकापणी आटोपली की कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर निघतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. तेवढे महिने पाड्यावरची कुलूपबंद घरे ‘टीव्ही नाही’ या रकान्यात पडतात. एक फेरी श्रावणात करा, पाऊस आणि वीज दोन्ही ये-जा करत असताना. दुसरी फेब्रुवारीत, आणि ती पाड्यावर न करता भट्टीवर करा. तिथे फायबर नाही, छत्री लावायला छप्पर नाही, एक मोबाइल आणि त्याचा रिचार्ज आहे. रिचार्ज कोणी मारला आणि संध्याकाळी त्यावर पहिली निवड कोणाची, हे दोन प्रश्न वाहिनीच्या नावाआधी विचारा.